हलवण्याआधी प्रत

माझा लॅपटॉप शेवटच्या घटका मोजायला लागला तेव्हा जळगावच्या दुरुस्तीवाल्याने त्यात एक फुकटची, हलकी सिस्टिम घालून दिली. म्हणाला, ताई, माउसच्या नादी लागू नका, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करा, पटापट चालेल. कुठल्या कमांड, हे विचारेपर्यंत तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. मी तणतणत स्टँडकडे निघाले आणि वाटेत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला ते दिसलं. तळहाताएवढं, निळ्या पुठ्ठ्याचं, कमांड शिकवणारं इंग्रजी पुस्तक. अमळनेरची एसटी लागेपर्यंत माझी सात पानं वाचून झाली होती.

मी शाळेत मराठी शिकवते. जाडजूड गाइडं चाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे या पुस्तकाच्या मी सरळ प्रेमातच पडले. एका पानावर एक कमांड. ती काय करते ते एका वाक्यात, मग एक उदाहरण आणि तळाला रेघेखाली बारीक अक्षरात एक सूचना. लिहिणाऱ्याने कुठेही स्वतःची टिमकी वाजवलेली नाही, वाचणाऱ्याला ढ समजलेलं नाही. ‘एलएस’ टाइप केलं की फोल्डरमधल्या फाइलींची यादी समोर येते, ‘सीपी’ प्रत काढते, ‘एमव्ही’ फाइल इथून तिथे हलवते. पन्नाशीच्या बाईला आठवडाभरात हे जमलं, याचं श्रेय बाईला नाही, पुस्तकाला.

त्या लॅपटॉपवर माझ्याकडे एकच मोलाची गोष्ट होती, अक्काची गाणी. अक्का म्हणजे माझी आत्या, धुळ्याजवळच्या गावात राहणारी. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांची तयारी चालू असताना अक्का गायची आणि मी फोनवर टिपून घ्यायचे. तीन वर्षं हा नेम चालला. गेल्या वर्षी म्हटलेलं यंदा नको, असा माझा हट्ट असायचा आणि तिच्याकडे कमी पडायचं नाही. तिची सगळी गाणी कानबाईला हाक मारूनच सुरू होतात, म्हणून मी फाइलींना नाव दिलं कानबाई एक, कानबाई दोन. दर वर्षाचं फोल्डर वेगळं आणि दर वर्षी मोजणी पुन्हा एकपासून. पहिल्या वर्षी चौदा, मग बारा, मग अकरा.

यंदा अक्काला दम लागायला लागला. गाणी बहिणींना पेनड्राइव्हवर द्यावीत म्हणून मी एक नवं फोल्डर केलं आणि मोठ्या ऐटीत एकेका वर्षाच्या फाइली ‘एमव्ही’ने त्यात हलवल्या. तीन ओळी, तीन क्षण. पडदा काही बोलला नाही, मीही खूश. मग यादी काढली. सदतीस हवी होती, चौदाच होती.

मी एमव्हीचं पान उघडलं. रेघेखाली स्वच्छ लिहिलं होतं की त्याच नावाची फाइल तिथे आधी असेल तर ती न विचारता पुसली जाते, आणि हलवण्याआधी प्रत काढावी. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना न वाचणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते. जुना फोन नवा घेताना दुकानात दिलेला, दुसरी प्रत कुठेच नाही. तेवीस गाणी मी माझ्या हाताने पुसली होती. मी जेवले नाही, घरातल्यांवर मात्र भरपूर ओरडले.

रविवारी धुळ्याची एसटी धरली. अक्का ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं, पुस्तकही दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि इतक्या लहान पुस्तकात एवढं मावतं का, असं कौतुकाने विचारलं. मग म्हणाली, “बठ्ठा गानासनी पहिली ओळ एकच ऱ्हास व माय. ती कानबाईनी शे. मन्हं गानं दुसरी ओळपाईन सुरू व्हस.”

पहिली ओळ सगळ्या गाण्यांना एकच, ती कानबाईची; अक्काचं गाणं दुसऱ्या ओळीपासून. मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी तिच्या गाण्यांना कानबाईचं नाव देत होते, तिचं एकालाही दिलं नव्हतं.

त्या दिवशी आणि पुढच्या चार रविवारी ती दम खात खात गायली. सोळा गाणी परत आली. उरलेल्या सातांची दुसरी ओळ तिला आठवेना. ती मला आठवत होती, कारण पोळ्या लाटताना लॅपटॉपवर लावून मी ती गाणी शंभरदा ऐकली होती. मी जन्मात गायलेले नाही, माझा आवाज भसाडा आहे. पण दुसरा इलाज नव्हता. मी एक ओळ म्हटली. अक्काने मध्येच हात धरला, “आसं नही, वर चढाव,” म्हणाली आणि पुढची ओळ स्वतः उचलली.

सातही गाणी अशीच झाली. तिचा श्वास संपतो तिथे त्यांत माझा आवाज आहे. ते कापून काढ, असं बहिणी म्हणतात. मी काढणार नाही.

घरी येऊन प्रत्येक फाइलला त्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीचं नाव दिलं. एमव्हीच्या पानावर, रेघेखाली, अक्काचं ते दुसऱ्या ओळीचं वाक्य पेन्सिलीने लिहिलं. त्या पुस्तकात मी घातलेली भर एवढीच. मग आधी प्रत काढली आणि नंतरच गाणी हलवली.