हत्तीच्या पायाचं नाक

"भिंतीला अजून काही नेसवलं न्हाईस व्हय गं?"

अक्का कुणाच्याही घरात शिरली की आधी हे विचारायची. पाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याहून नंतर. बोलता बोलता हाताची वीत पसरून ती भिंत मोजायला लागायची आणि एकदा मोजली की त्या घराची सुटका नसे. चार दिवसांनी तिथं काहीतरी लटकलेलं असायचंच. दुसऱ्याचं घर आपलंच समजणारी अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेल. आमच्या आळीत ही होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. गावाला बसवकल्याण म्हणायची पद्धत पुढं पडली, तेव्हा नुसतं कल्याण. आमचे मास्तर तिथल्या शाळेत शिकवायचे. अक्काचं घर भिंतीला भिंत लागून. तिचे यजमान सोलापूरच्या वाटेवर सरकारी नाक्यावर नाकेदार होते. गाड्या अडवायच्या, पोती तपासायची, जकात घ्यायची. नाक्यावर बायकामाणसांची सोय नव्हती, मुलंबाळं नव्हती, म्हणून अक्का गावात एकटी राहायची आणि नाकेदार जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या सुटीला घरी यायचे. सगळी आळी तिला अक्का म्हणायची आणि त्यांना अण्णा. दोघं एकमेकांची बहीणभाऊ होतात, हे कुणाच्या लक्षातच यायचं नाही.

विकतच्या तसबिरी अक्काला आवडत नसत. "समद्यांच्या घरी तीच लक्षुमी. मग आपली कंची?" असं म्हणायची. तिची सगळी भिस्त कापडाच्या दुकानावर. गिरणीच्या ठाणांवर त्या काळी रंगीत कागदी छाप चिकटवलेले असत. कुठं परी, कुठं हत्ती, कुठं राजा, कुठं कृष्ण. लोक कापड नेत आणि छाप फाडून टाकत. अक्का दुकानात जाऊन कापडाला हातसुद्धा न लावता छाप मागायची. दुकानदार तिला लांबून बघितलं की गड्याला म्हणायचा, "कापड आत घे रे, छाप बाहेर काढ. अक्का यायली."

छाप कापून ती त्यांची वेगळीच चित्रं जुळवायची. गव्हाच्या पिठाची खळ, किडा लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. पाठीला ठाणातला पुठ्ठा. चौकटीला तुरीच्या काड्या, सोलून गेरूत रंगवलेल्या. चहाच्या पुडीचा चंदेरी कागद, फुटक्या बांगड्या, काडेपेटीवरची चित्रं, तिला काहीही चालायचं.

माझ्या घरात पोपडे आलेल्या भिंतीवर तिनं लक्ष्मी लावली. लक्ष्मीचं तोंड एका गोऱ्या मडमेचं होतं, टोपी कापून मुकुट बसवलेला. दोन्ही बाजूंना दोन हत्ती, पण वेगवेगळ्या गिरण्यांचे. एक हा एवढा थोरला आणि दुसरा जेमतेम शेळीएवढा.

मी म्हटलं, "अक्का, हत्ती सारखे न्हाईत."

"धाकटा भाऊ हाय त्येचा. वाढंल की."

मास्तर शाळेतून आले, चित्रापुढं उभे राहिले, टोपी काढली, परत घातली. "ही बाई आपल्याकडं बघून हसायली," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून पाटावर बसताना तिच्याकडं तोंड करून बसायला लागले.

आता खऱ्या गोष्टीकडं येते.

अक्काला नवऱ्याचा फोटो हवा होता. फोटो काढणारा गुलबर्ग्याला, आणि नाकेदारांचं मत असं की फोटो काढला की आयुष्य घटतं. ती मागं लागली की ते म्हणायचे, "मी दर जुम्म्याला येतो की. अजून काय बघायचंय?"

"बाकीचे दिवस काय बघू?" अक्का विचारायची. ते बिडी पेटवून अंगणात जायचे.

मग तिनं फोटोचा नाद सोडला आणि नवरा घरीच करायला घेतला. मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची शेरवानी, तिला चंदेरी कागदाच्या गुंड्या. लाल छापाचा रुमाल डोक्याला. नारळाच्या काथ्याच्या मिशा. डोळे कुठल्याशा राजाचे. सगळं झटपट जुळलं, नाक तेवढं जुळेना. नाकेदारांचं नाक म्हणजे गावात सांगण्यासारखी वस्तू होती. नाक्यावर बसून बसून वाढलंय, असं लोक म्हणायचे. परीचं नाक लावून बघितलं, राजाचं बघितलं, कृष्णाचं बघितलं. सगळी चिमुकली. शेवटी अक्कानं एका हत्तीचा मागचा पाय कापला, उलटा करून चिकटवला आणि टाळी वाजवली.

मी आत गेले आणि दारातच पदर सावरला. नाकेदार समोर बसलेत असंच वाटलं.

मीच नव्हे. अक्काच्या भावाकडून गुळाची ढेप घेऊन एक गाडीवान आला होता. दार उघडं होतं. आत पाऊल टाकता टाकता त्याची नजर भिंतीवर गेली, तसा तो मागं सरला. ढेप काखेत लपवत म्हणाला, "घरचाच गूळ हाय साहेब. विकायला न्हाई."

जुम्म्याला नाकेदार आले. आम्ही भिंतीला कान लावूनच होतो, खोटं कशाला बोलू. मग त्यांचा आवाज आला.

"हे नाक कशाचं?"

अक्काला खोटं बोलता यायचं नाही. "हत्तीचा पाय हाय."

"हत्तीचा पाय लावलीस व्हय माझ्या तोंडाला? सरकारी माणसाच्या?"

त्या दिवशी ते जेवले, पण भाजी वाढून घेतली नाही. आणि जाण्याआधी चित्र भिंतीकडं तोंड करून उलटं टांगलं. ते वेशीबाहेर गेले असतील-नसतील, अक्कानं ते सुलटं केलं. पुढच्या जुम्म्याला पुन्हा उलटं, ते गेले की पुन्हा सुलटं. वर्षानुवर्षं हे चाललं. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. भाकरी थापावी तितक्या सहज ती चित्र फिरवायची.

एक गंमत सांगते. नवरा समोर असला की अक्का "अहो" म्हणायलाही लाजायची, खांबाकडं बघून बोलायची. चित्राला मात्र सरळ अरे-तुरे. दुपारी भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. "बिडी कमी कर रे, खोकायलास किती." "मायंदाळ थंडी पडली, कानाला बांध." एकदा तर, "काय बघायलास? लुगडं जुनंच हाय. तूच आणलास."

मी विचारलं, "अक्का, हेच त्यांना समोर कामून सांगत न्हाईस?"

"समोर नाक मध्ये येतंय," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून खूप वेळ हसली.

मग गडबडीचे दिवस आले. राज्याचं काय होणार, कुणालाच कळत नव्हतं. सरहद्दीवरचे नाके जळायला लागले. नाक्यावरच्या माणसाला सरकारची आणि सरकारशी लढणाऱ्यांची, दोन्हीकडून भीती. एका जुम्म्याला नाकेदार आले नाहीत. अक्कानं त्यांची भाकरी झाकून ठेवली. पुढच्याही जुम्म्याला आले नाहीत. वाटेवरून येणारी माणसं वेगवेगळं सांगायची. कुणी म्हणे नाका पेटला, कुणी म्हणे माणसं पळाली, कुणी नुसतीच मान हलवायची.

भिंतीपलीकडचं बोलणं बंद झालं. मी दुपारी तिच्याकडं गेले, तर चित्र खाली उतरवलेलं. अक्का त्याच्यासमोर फतकल मारून बसली होती. ओल्या फडक्यानं भिजवून भिजवून तिनं ते नाक सोडवलं होतं, आणि तिथं एक नवं नाक बसवत होती. सरळ, नाजूक, कुठल्याशा देवाचं.

"काय करायलीस अक्का?"

"लई लागलं गं त्यांना ते नाक. आपणच हट्ट केला." नाक जागेवर बसत नव्हतं. "आल्यावर तरी खुश व्हावं."

मी पुठ्ठा धरून ठेवला. आम्ही दोघींनी ते नाक चिकटवलं.

नाकेदार आले ते भर उन्हात, चालत. आधी कुणी ओळखलंच नाही. शेरवानी नाही, जोडा नाही, गुडघ्याच्या वर धोतर आणि खांद्यावर कुणाचं तरी घोंगडं. दाढी वाढलेली. नाका जळाल्यावर ते रानोमाळ निंबर्ग्याकडं गेले होते आणि एका शेतकऱ्यानं त्यांना आपला गडी म्हणून गोठ्यात ठेवून घेतलं होतं. आळी सगळी अंगणात गोळा झाली. अक्का खांबाला धरून उभी. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तोही खांबाकडं बघूनच.

ते पाणी प्याले, आत गेले आणि सवयीनं हात चित्राकडं नेला. हात तसाच राहिला.

"हे कोण?"

"तुमीच की," अक्का म्हणाली.

"माझं नाक कुठं हाय?"

"टाकून दिलं. तुमालाच नको हुतं."

त्यांनी चित्राकडं बघितलं, मग दारात दाटलेल्या आमच्याकडं, मग पुन्हा चित्राकडं. "मी तिकडं शेण काढायलो, आणि तू घरात हे परकं माणूस टांगलीस?" आवाज चढला होता. "माझं लाव. हत्तीचंच लाव."

"हत्ती न्हाई शिल्लक. दुकानं बंद हायत."

"मग आन की कुठनं तरी! एक हत्ती मिळत न्हाई व्हय एवढ्या गावात?"

अक्काला हसू फुटलं. हसता हसता ती खाली बसली, आणि मग इतक्या दिवसांचं रडणं एकदम आलं. नाकेदार तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळ्या आळीसमक्ष तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उगी."

मी घरी धावले आणि कात्री घेतली. आमच्या लक्ष्मीचा थोरला हत्ती त्या दिवसापासून तीन पायांचा आहे. मास्तर रागावले नाहीत. "टेकलाय की भिंतीला, पडतोय कुठं," म्हणाले.

त्यानंतर ते चित्र कधी उलटं झालं नाही.

निजामाचं राज्य गेलं, त्याबरोबर नाकेही उठले. नाकेदारांच्या भावाची उदगीरकडं शेती होती, तिकडं दोघं निघून गेली. जाताना अक्कानं माझ्या नव्या खोलीची भिंत वितीनं मोजून ठेवली, पण तिला यायला पुन्हा जमलं नाही. ती वारल्याचा निरोप आला तेव्हा मला निघता आलं नाही. काही महिन्यांनी मास्तरांच्या कामानं उदगीरला गेलो, तेव्हा भेटायला गेले.

दार उघडंच होतं. नाकेदार जमिनीवर बसलेले, मिशा पांढऱ्या झालेल्या. समोर छाप पसरलेले, वाटीत खळ, घट्ट गोळा झालेली. पुठ्ठ्यावर एक बाई होती. लुगडं बरं जमलं होतं. अंबाडाही होता. चेहरा नुसता कोरा कागद.

"ये बाई, बस," ते म्हणाले. "बरं झालं आलीस. एक सांग." त्यांनी लाल कागदाचे दोन-तीन गोल तुकडे माझ्यापुढं सरकवले, लहानमोठे. "कुंकू केवढं लावायची गं ही? मला आठवंना. बघितलंच न्हाई कधी नीट."

मी त्यातला मोठा उचलला. त्यांनी तो घेतला, खळीत बोट बुडवलं आणि त्या कोऱ्या कागदावर कपाळ कुठं येईल याचा अंदाज घेत राहिले.