तीन टँकरांची विश्रांती

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि माझ्या यजमानांना विचारलं, "घरात पाणी कोण भरतं?" यजमान एकदम बारकाईने एक्स-रे बघायला लागले. आमच्या घरात पाणी मी भरत होते.

मग मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलायला लावला. वीतभर उचलला आणि मी असे ओरडले की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून घरी गेले म्हणे.

"स्लिप डिस्क," डॉक्टर म्हणाले. दोन मणक्यांच्या मध्ये एक मऊ गादी असते. ती जागची सरकली की पायाकडे जाणारी शीर दाबते. "तीन आठवडे फळीवर झोपायचं. संडासपुरतं उठायचं. ऐकलं नाहीत तर सोलापूरला ऑपरेशन. आणि नंतर पायात पूर्वीसारखा जोर येईल असं मी लिहून देणार नाही."

मी शाळेत गणित शिकवत होते, रोज पाच तास उभी राहून. ते शेवटचं वाक्य ऐकून मी लगेच विचारलं, "उभं तर राहता येईल ना?" कमरेतली कळ पायात उतरतेय म्हणून तुम्हीही घाबरून हे वाचत असाल, तर सांगते, हा प्रश्न सगळेच विचारतात.

हे डॉक्टर दर शनिवारी नांदेडहून लातूरला येत. लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. यजमान नव्या कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि रविवारीही कामावर जात. मुलगी सुनीता सकाळी टायपिंगला, दुपारी शिवणाच्या क्लासला. त्यात दुष्काळ. गल्लीत टँकर दर आठवड्याला येईल असं जाहीर झालं होतं. तो कधी आठव्या दिवशी यायचा, कधी दहाव्या. जळकोटहून सासूबाई मदतीला आल्या.

फळीवर पडल्या पडल्या मी आठवड्याच्या जेवणाचा तक्ता सांगितला आणि सुनीताने तो लिहिला. सोमवार वरण-भात, मंगळवार पालेभाजी, बुधवार पिठलं, असा छान वारांप्रमाणे. सोमवारी सासूबाईंचा कडक उपवास, त्यांच्यासाठी भगर.

"आमी काय कागद बगून भाकऱ्या थापल्या का?" सासूबाई म्हणाल्या.

तक्ता तीन दिवसांत आडवा झाला. पालेभाजीच्या दिवशी ती धुवायला पाणी नव्हतं. मी पदार्थांचा विचार केला होता, भांड्यांचा केलाच नव्हता. मग वार खोडले आणि टँकरपासून दिवस मोजले. पहिल्या दिवशी पालेभाजी आणि चार भांडी. दुसऱ्या दिवशी वरण-भात. तिसऱ्यापासून एकच कढई. पाचव्यापासून ताटं बंद, भाकरीवरच चटणी घ्यायची. सातव्यापासून शेवटची ओळ: 'टँकर येईपर्यंत धपाटे'.

यजमान भाकरी थापायला शिकले. दिवसभर कचेरीत नव्या जिल्ह्याच्या नकाशावर काम करून आलेला माणूस तोच नकाशा तव्यावर टाकायचा. सुनीता म्हणायची, "बाबा, आज उदगीरकडून करपलाय."

मी फळीवर पडल्याच्या दहाव्या दिवशी, पाणी तळाला गेलेलं असताना, त्यांनी हौसेने पिठलं केलं. खाली लागलेली कढई खरवडण्याचा आवाज ऐकून मला राहवेना. मी उठले, चुलीपर्यंत गेले, कढई उचलली. कमरेपासून अंगठ्यापर्यंत कळ गेली आणि मी तिथेच बसले. तिघांनी मला चादरीत घालून फळीवर आणलं. त्या रात्री कुणी माझ्यावर ओरडलं नाही, मला रडू आलं ते त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी सुनीताने तक्ता नवा लिहिला आणि नेमका कॅलेंडरवर चिकटवला. रेडिओचे सेल त्याच दिवशी संपले. आपोआप संपले का, याची मला आता शंका आहे.

"आज कोणता दिवस?" मी विचारायचे.

"धपाट्याचा," यजमान म्हणायचे. "पडून राहा. मी करून राहिलो ना सगळं. तीन टँकर झाले की दवाखाना."

सासूबाई सोमवारी भगर खात, त्यावरून मी अंदाज बांधत असे. तिसरी भगर झाली. पुढची काही दिसेना. धपाट्यांना तर अंतच नव्हता. गणिताची बाई असून माझा हिशोब लागेना, आणि आजारपणात डोकंही पडून राहतं अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिसरा टँकर आला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाय उचलायला सांगितला. मी डोळे मिटले आणि उचलला. उघडून बघते तर माझाच अंगठा माझ्यासमोर!

"उत्तम. ऑपरेशन नाही," डॉक्टर म्हणाले. "मागच्या शनिवारी तुमचे मिस्टर एकटेच येऊन गेले. तुम्ही मध्येच उठलात म्हणून एक आठवडा वाढवला आपण. तो कामी आला."

मी यजमानांकडे पाहिलं. ते बारकाईने डॉक्टरांचं टेबल बघत होते.

"तुला सांगितलं असतं तर तू पडून राहिली असतीस?" रिक्षात ते म्हणाले. खरं होतं, नसतेच राहिले.

मग मला भगर आठवली. चार आठवड्यांत सोमवार चार होतात. मी घरी येऊन तक्ता उचकटला आणि कॅलेंडर बघितलं. चौथ्या सोमवारी सासूबाई माझ्या फळीशेजारी मांडी घालून धपाटं खात होत्या. लग्न झाल्यापासून ज्यांचा एक सोमवार चुकलेला मी पाहिला नव्हता, त्या. वर म्हणाल्या होत्या, "तीळ लई छान लागलेत."

"सासूबाई, मला वार कळू नये म्हणून तुम्ही सोमवार मोडलात?"

"म्हादेवाला सांगितलं म्या," त्या भांडी लावत म्हणाल्या. "त्यो समजून घेतो. तुजी कंबर घेत न्हाई."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ओरडल्या, "वाकू नगंस! परत झोपवू का?" म्हणून मी उभ्यानेच हात जोडले.

तेव्हापासून सोमवार मीही धरते. सासूबाईंना ते मुळीच पसंत नाही; उपाशी कमरेला जोर कुठून यायचा, म्हणतात.