पाचवं कारण

लीलाअक्का कागद देताना त्याचं एक टोक सोडत नसत. समोरच्यानं "वाचतो" म्हटल्यावरच त्यांची बोटं सुटत. अंगणवाडीच्या गळक्या छपरासाठी वर्षानुवर्षं अर्ज देऊन ही सवय लागली होती. "लेतस बठ्ठा, वाचत कोनीच नही," असं त्या अहिराणीत म्हणत; कागद घेतात सगळे, वाचत कोणीच नाही.

मी जळगावच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो आणि रविवारी तिथल्याच दूरशिक्षण केंद्रात बी.ए.चे तास घ्यायचो. अक्का भडगावजवळच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं येत. त्या अंगणवाडी सेविका होत्या. पदवी मिळाली तर पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येणार होतं, आणि वयाच्या अटीत त्यांचं ते शेवटचं वर्ष होतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

घरून लिहून आणायच्या गृहपाठाचे गुण निकालात धरले जात. केंद्राबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार उत्तरं मिळायची. सगळे तीच उतरवून आणत. आम्हीही न वाचता, अक्षर पाहून वीसपैकी चौदा-पंधरा टाकून मोकळे. वर्गातला एक एसटी कंडक्टर अक्कांना चिडवायचा, "अक्का, डोकं कशाले शिणवता? बाहेर बठ्ठं तयार शे ना!"

"मंग डिग्री बी त्या झेरॉक्सवालालेच द्या," अक्का म्हणाल्या. वर्ग हसला. मीही हसलो.

त्यांनी गृहपाठ स्वतः लिहिला. प्रश्न होता, कुपोषणाची सामाजिक कारणे. पहिलं वाक्य अजून पाठ आहे: 'पुस्तकात चार कारणे दिली आहेत, पण माझ्या अंगणवाडीत पाचवे आहे.' मी दचकलो. हा सावकाश वाचून तपासायचा, असं ठरवून गठ्ठ्यातून काढून कपाटात ठेवला. बाकीच्यांचे गुण त्याच दिवशी पाठवून दिले. त्या गठ्ठ्यात वाचण्यासारखा तो एकच होता. तोच राहून गेला.

निकाल लागला आणि अक्कांचा राखून ठेवलेला निघाला. गृहपाठाचे गुण पोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासमोर उभ्या.

"सर, मनं काय चुकनं?"

कपाट माझ्या पाठीशी होतं. दुरुस्तीला आठवड्याची मुदत होती. गृहपाठ माझ्याकडेच राहिला, एवढं एक पत्र मी प्राचार्यांना द्यायचं होतं. बस, एवढंच. मी म्हणालो, "गृहपाठ धरला गेला नाही, अक्का. भाषा सुधारा. बोलीतले शब्द फार येतात तुमच्या. पुढच्या वर्षी पुन्हा द्या."

त्या एसटी गाठायला निघून गेल्या. आठवडाभर दार वाजलं की मी आधी कपाटाकडे बघायचो. अक्का आल्या नाहीत. मुदत टळली.

पुढच्या वर्षी त्यांनी तयार उत्तरं उतरवून आणली, मोत्यासारख्या अक्षरात. तो कागद देताना मात्र त्यांनी टोक धरलं नाही. पास झाल्या, पेढे घेऊन आल्या. "सरांनी भाषा सुधारी मनी," असं शिपायाला सांगत होत्या. मी दोन पेढे खाल्ले. पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचं वय केव्हाच निघून गेलं होतं.

पहिला गृहपाठ मी फाडला नाही, कोणाला दाखवला नाही, पुढे वाचलाही नाही. अकरा वर्षं. गेल्या महिन्यात केंद्र बंद झालं, कपाट रिकामं करायची वेळ आली. तो कागद घेऊन मी भडगावची एसटी धरली.

अक्का अंगणवाडीतच भेटल्या. केस पांढरे झालेले, समोर वजनकाटा. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे मनी भाषा बरी व्हती?"

"बरी होती, अक्का."

"अकरा वरीस मीटिंगमा तोंड उघाडं नही मी."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी पहिल्या पानावरून नजर फिरवली आणि माझ्यासमोर धरला. "मंग आते तपासा."

मी लाल पेन काढलं. वीसपैकी वीस टाकायचे म्हणून कागद ओढला, तर तो सरकेना. दुसरं टोक त्यांच्या बोटांत होतं.

"पहिले वाचा."

मी वाचू लागलो, मोठ्यानं. पाचवं कारण दुसऱ्या पानावर होतं: 'वजनाच्या दिवशी अशक्त मुलाची आई त्याला घरीच ठेवते. काट्यावरचा आकडा चारचौघांत कळेल याची तिला लाज वाटते. ते मूल बरे झाले असते, पण ते कोणाला दाखवलेच जात नाही.'

मी तिथेच थांबलो.

"अजून अर्धं पान शे, सर," अक्का म्हणाल्या. बोटं त्यांनी सोडली नव्हती.