निळ्या दोरीच्या आत

पाहणीला आलेल्या वनस्पतीतज्ज्ञ बाईंना मुकादमाने छाती फुगवून सांगितलं, की या दोरीच्या आत गेली आठ वर्षं कुणाला कोयता लावू दिलेला नाही. शाबासकीसाठी म्हणून तो जरा थांबलाही. बाई दोरी ओलांडून आत गेल्या, उकिडव्या बसल्या आणि वाळलेल्या काड्या मोजू लागल्या. तेव्हा कुठे मुकादमाच्या लक्षात आलं, की आपण बढाई मारायला गेलो आणि गुन्हा कबूल करून बसलो.

मुकादमाचा जन्म उच्चदाबाच्या तारांखाली गेला होता. गँग घेऊन डोंगर चढायचा, एका टॉवरपासून दुसऱ्यापर्यंत तारांखाली उगवलेलं सगळं कापत जायचं. शेवटच्या टॉवरला पोचावं तर पहिल्याखाली पुन्हा रान माजलेलं. अशा कामाने माणूस एक तर तत्त्वज्ञ होतो, नाहीतर कंबर धरतो. मुकादमाने कंबर धरली होती. खांदा दुखत होता तो वेगळाच. पुढच्या वर्षी रिटायर व्हायचं होतं, आणि इतकी वर्षं राबून दाखवण्यासारखं काय, तर कापलेलं गवत. तेही परत उगवलेलं.

म्हणून तर दोरीच्या आतलं ते झुडूप. कमरेइतकं उंच, पानं खालून लोकरीसारखी, फुलं फिकट जांभळी. एकदा त्याची डहाळी टोपीत खोचून तो घरी गेला. मुलीने फोनवर धुंडाळून सांगितलं, की हे जगात फक्त याच डोंगररांगेत येतं, आणि धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत त्याच्यापुढे ‘असुरक्षित’ असं लिहिलंय. म्हणजे अजून संपलेलं नाही, पण संपायच्या वाटेला लागलंय.

“आणि बाबा, तुम्ही ते कापता?” ती म्हणाली.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात त्याने दोन टॉवरांच्या मधली सगळी झुडपं निळ्या नायलॉनच्या दोरीने वेढून टाकली. जन्मभर कापत आलेल्या माणसाला काहीतरी राखायची हौस आली होती. त्या पट्ट्यावर त्याचा इतका जीव, की गँगमधले त्याला ‘मुकादमाची दुसरी बायको’ म्हणत. पहिलीला हे ठाऊक होतं, आणि तिची काही हरकत नव्हती.

बाईंनी मग समजावलं. या झुडपाला भरपूर ऊन लागतं. पूर्वी वणवे लागत, दरडी कोसळत, जनावरं चरत, त्यामुळे डोंगर उघडा राही. आता वणवे विझवतात, चराईला बंदी आहे, आणि उघडी जागा उरलीय ती तारांखाली. दोरीच्या आत मात्र झाडं वाढली, सावली दाटली, आणि झुडपं उजेडासाठी काडीसारखी लांबत लांबत मेली. चाळीसेक होती, सात उरली. फूल एकावरही नाही.

“म्हणजे मी काही केलंच नसतं तर...”

“नेहमीसारखं कापत राहिला असतात तर,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग यायला अंगात जोर लागतो, आणि त्याही दमलेल्या होत्या. आता झाडं तोडा, म्हणाल्या, आणि ही सातही बुडाशी वीतभर ठेवून छाटून टाका. मुळात जीव असेल तर फुटतील. नसेल तर या डोंगरावरून हे झुडूप गेलं असं लिहावं लागेल.

घरी बायकोने खांद्याला मलम चोळत सगळं ऐकून घेतलं. मळू नये म्हणून या माणसाने सोफ्यावरचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं, आणि शेवटी काढलं तेव्हा आत बुरशी निघाली होती. तिने त्याची आठवण करून दिली.

“तुम्ही जपायला घेतलं की त्याचा श्वास कोंडतोच,” ती म्हणाली. मग मलमाचं झाकण लावता लावता, “उद्या तुमच्या हातानेच कापा. दुसऱ्याला नका लावू.”

दुसऱ्या दिवशी गँग करवती घेऊन चढली. वेळच्या वेळी कापली असती तर बोटाएवढी असती, ती झाडं आता मांडीएवढी झाली होती. माणसं कुरकुरत होती. दुपार टळली तेव्हा पट्ट्यावर ऊन उतरलं, आणि त्याला दिसलं, की सातातली पाच झुडपं एकाच कोपऱ्यात आहेत. तीन वर्षांपूर्वी गँगमधल्या लंबूने चुकून त्याच कोपऱ्यात कोयता चालवून सगळं सपाट केलं होतं. मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं, आंधळा म्हटलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलला होता.

लंबूही तिकडेच बघत होता.

मुकादम गुडघे टेकून बसला आणि एकेक झुडूप छाटत गेला. मधली दोन आतून भुसा झालेली निघाली. मग कोपऱ्यातल्या पहिल्याला त्याने कात्री लावली. सालीखाली हिरवं होतं. बाकी चारही ओली, हिरवी.

“फुटतील,” मागून लंबू म्हणाला.

आता बोलायला हवं, हे मुकादमाला कळत होतं. पण सगळी माणसं आसपास होती. वाटेत म्हणू, असं त्याने ठरवलं. उतरताना त्याचे गुडघेच इतके कुरकुरले, की दुसरं काही बोलायचं सुचलं नाही. खाली फाट्यावर लंबू “येतो” म्हणाला, मुकादम “ये” म्हणाला, आणि माफी मागायची राहिली ती राहिलीच.