नकाशाची खोली

फोटो दुकानात आला तेव्हा तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, आणि आणणारा माणूस मोठ्या खुशीत होता.

दुकान फ्रेमचं. वडिलांनी टाकलेलं, आणि त्यांच्या मागे गेली वीस वर्षं ती चालवत होती. सगळा बाजार तिला फ्रेमवालीच म्हणायचा. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही. भाऊ, वहिनी आणि सहावीतली भाची यांच्याबरोबर ती दुकानाच्या वरच राहायची. जिभेने फटकळ, पण हात सोन्याचे. तिने जोडलेल्या कोपऱ्यात नख शिरत नाही, असं गिऱ्हाईकं म्हणायची.

फोटो आणणारा तिचा शाळेतला वर्गमित्र होता, आता इमारतींची कंत्राटं घ्यायचा. त्याने कागद उलगडला.

"ओळख बघू."

तिने ओळखलं. भूगोलाचे सर. केस पांढरे झाले होते, चष्मा बदलला होता, पण मान तशीच एका बाजूला कललेली.

"होकायंत्र!" कंत्राटदार हसला. "आठवतं ना?"

सरांना ते नाव मुलांनीच ठेवलेलं. होकायंत्राची सुई जशी फिरून फिरून उत्तरेला येते, तशी सरांची मान फिरून फिरून मुलींच्या बाकांकडे यायची. सगळा वर्ग हसायचा. मुलीही हसायच्या.

"शाळेची नवी लायब्ररी झालीय, सरांच्या नावाने," कंत्राटदार सांगू लागला. "माजी विद्यार्थ्यांनीच बांधून दिली. हा फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावायचाय, तेव्हा चांगली रुंद पट्टी लाव. आणि ऐक, सर स्वतः येणार आहेत शिकवायला, फुकट. दहा हुशार मुली निवडल्यात, एकेकीला वेगळं बसवून शिकवणार. तुझी भाची आहे बरं का यादीत."

"दहाच्या दहा मुलीच?"

"मुलं कुठे अभ्यास करतात गं?" असं म्हणून तो गेला.

तिने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि दिवसभर तीन काचा चुकीच्या मापाने कापल्या.

त्या शाळेत जिन्याखाली एक अरुंद खोली होती. तिथे गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचे गोल आणि मोडकी बाकं ठेवलेली असत. खिडकी नव्हती. तासाला नकाशा लागला की सर एका मुलीला बरोबर घेऊन आणायला जात. नकाशा चार फुटांचा, एका माणसाला सहज उचलता येईल असा. तरी मुलगी लागायची, आणि वर्ग पंधरा-वीस मिनिटं वाट बघत बसायचा.

हे कुणाला माहीत नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गातल्यांना शिकवून ठेवत: पाठ भिंतीला लावून उभं राहायचं, वह्या छातीशी धरायच्या, पोटात दुखतंय म्हणायचं. झाडलोट करणाऱ्या मावशी नेमक्या त्याच वेळी जिन्याखाली यायच्या आणि बादली दाणकन आपटायच्या. आईला एकदा तिने अर्धंमुर्धं सांगितलं होतं. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"दार उघडं ठेवायचं आणि लवकर यायचं. आणि हे बाबांपुढे काढू नकोस. शाळाच बंद करतील तुझी."

असं प्रत्येकाने आपापल्यापुरतं काहीतरी केलं होतं. सरांना मात्र कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

ती सहावीत असताना एकदा नकाशा आणायला जायची वेळ तिच्यावर आली. सरांनी नकाशा भिंतीला टेकवला, नदी कुठून निघते ते दाखव म्हणाले, आणि मागे उभे राहून तिच्या मानेवर हात ठेवला. तो उचललाच नाही. नदी दाखवून झाली, समुद्र दाखवून झाला. मग बाहेर बादली वाजली आणि हात निघाला. त्यानंतर कित्येक दिवस ती अंघोळ करताना मान घासून लाल करायची.

पुढच्या आठवड्यात सर वर्गात म्हणाले, "चला, नकाशाला कोण?" त्यांची नजर तिच्यावरच होती. तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तिला न्या ना. नकाशात नावं भरायला तिचं अक्षर छान आहे."

बोट दाखवलं ते शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे. ती नुकतीच दुसऱ्या गावाहून आली होती. तिला मैत्रीण नव्हती, वरच्या वर्गात बहीण नव्हती, काही शिकवून ठेवणारं कुणी नव्हतं. ती आनंदाने उठली. वर्षभर मग नकाशा तीच आणत होती. हळूहळू तिचं बोलणं बंद झालं. परीक्षेनंतर ती शाळेत आली नाही. वडिलांची बदली झाली असेल, असं सगळे म्हणाले.

फोटो येऊन चार दिवस झाले, आणि दुपारी सर स्वतः दुकानात आले. कपडे कडक इस्त्रीचे, आवाज मऊ.

"चमकणारी काच नको हं बाळ. चेहरा दिसत नाही."

तिने "हो सर" म्हटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या दुकानात, तिच्या तोंडून तेच "हो सर" निघालं. इतक्यात भाची शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर टाकलं आणि पाणी प्यायला माठाकडे वळली. सरांची मानही वळली.

"कोण ही?"

"भावाची मुलगी."

"अच्छा, ही का ती." ते दोन पावलं पुढे झाले आणि भाचीच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "सोमवारपासून आपण भेटणार. नकाशे आवडतात का तुला?"

भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्याच्या हातात मोठी काच होती, म्हणून ती हलली नाही, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं. पण काच टेबलावर ठेवायला कितीसा वेळ लागतो?

"वर जा," शेवटी ती म्हणाली. "आई बोलावतेय."

आईने बोलावलं नव्हतं. भाची मात्र दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

संध्याकाळी तिने भाऊ आणि वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. नदी, समुद्र, बादली, सगळं. भावाने बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला.

"आता म्हातारा झालाय तो. काय करणार?"

"दुपारी जे केलं तेच," ती म्हणाली.

वहिनी उठून उभी राहिली. "माझी पोर जाणार नाही. उद्याच सांगते, तिला सर्दी-ताप आहे म्हणून."

"आणि तिच्या जागी?" फ्रेमवालीने विचारलं. "यादी दहाची आहे, वहिनी. आपली काढली की दुसरीचं नाव घालतील. मी एकदा हेच केलंय. तसंच वाचायचं नाही मला परत."

मग तिने शेवटच्या बाकावरच्या मुलीची गोष्ट सांगितली. ती आजवर तिने कुणालाच सांगितली नव्हती.

माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्या मुलीचा पत्ता निघाला. समोर शेरा होता, "प्रतिसाद नाही". दोन तासांवरच्या गावात गणवेश शिवायचा कारखाना होता, तिथे ती कापडं बेतायची. फ्रेमवाली पोचली तेव्हा ती लांब टेबलावर वाकून निळ्या कापडावर खडूने रेघा मारत होती. केस पिकलेले, चेहरा शांत. तिने एकदाच वर पाहिलं.

"ओळखलं मी तुला. बस."

फ्रेमवाली वाटेत घोकून ठेवलेलं सगळं विसरून गेली. "मी तुझं नाव घेतलं होतं," एवढंच म्हणाली.

"माहीतंय. मी वर्गातच होते ना." तिने खडू खाली ठेवला. "मला वाटलं होतं, तुला माझं अक्षर खरंच आवडतं. घरी जाऊन आईला सांगितलं मी, की एक मैत्रीण मिळाली म्हणून."

मग फ्रेमवालीने लायब्ररीचं सांगितलं, दहा मुलींचं सांगितलं, भाचीच्या मानेवरच्या हाताचं सांगितलं. बेतणारी ऐकत होती. तिची बोटं कापडाची कड घट्ट दुमडत होती आणि परत सोडत होती.

"माफी मागायला आली असशील तर ती माझ्याकडे नाहीये," ती म्हणाली. "पण शाळेत येईन मी. बोलायची तू आधी. तेव्हाही आधी तूच बोलली होतीस."

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका तेव्हा शाळेत नवीन लागलेल्या बाई होत्या, आता निवृत्तीला आलेल्या. विषय निघताच त्या दार लावायला उठल्या.

"दार उघडं राहू द्या, बाई," फ्रेमवाली म्हणाली.

ती आधी बोलली. नंतर बेतणारी बोलली, अगदी थोडं, पण त्या थोड्याने बाईंचा चेहरा पांढरा पडला. पाण्याचा पेला त्यांनी उचलला आणि न पिता ठेवला.

"तो काळच तसा होता. आम्ही नव्या होतो, कुणाजवळ बोलणार? तरी मी माझ्या वर्गातल्या मुली नेहमी दोघी-दोघी पाठवायचे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," फ्रेमवाली म्हणाली.

"माझ्या जोडीला कुणी नव्हतं, बाई," बेतणारी म्हणाली.

बाईंनी लेखी तक्रार घेतली. पोचही लिहून दिली. सोमवारचा वर्ग "सरांच्या तब्येतीमुळे" रद्द झाल्याचा कागद फळ्यावर लागला, आणि तक्रारीची एक प्रत पोलिस ठाण्यात गेली. सरांची तब्येत ठणठणीत होती. ते रोज संध्याकाळी दुकानावरून फिरायला जात, आणि रोज थांबून काचेतून आत बघत.

आठवडाभर दोघी शाळेतल्या जुन्या मुलींच्या घरोघरी फिरल्या, आणि तक्रारीवर आणखी पाच सह्या झाल्या. दोन बायकांनी दार उघडलं आणि सरांचं नाव ऐकताच लावून घेतलं. बाजारात कुजबुज सुरू झाली: लग्न झालं नाही म्हणून डोकं फिरलंय, प्रसिद्धी हवीय, एवढी वर्षं काय झोपली होती का?

मग कंत्राटदार आला. या वेळी तो हसत नव्हता.

"फोटो दे परत. कशाला उकरून काढतेस गं हे? देवमाणूस आहे तो. माझी धाकटी बहीण त्याच शाळेत होती, तिला कधी काही झालं नाही."

"तिने सांगितलं तसं?"

"सांगायला कशाला हवं? झालं असतं तर कळलं नसतं का?"

"विचारून बघ."

त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि तिच्यासमोरच बहिणीला फोन लावला, खोटी पाडायचीच म्हणून. "अगं ऐक," तो जोरात म्हणाला, "इथे एक बाई आपल्या भूगोलाच्या सरांवर काय काय आरोप करतेय. तू सांग हिला..." आणि थांबला. पलीकडून काय आलं ते फ्रेमवालीला ऐकू आलं नाही. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला, दोनदा "हो" म्हणाला, आणि चाचपडत स्टुलावर बसला. फोन संपला. मग त्याने विचारलं, "त्या कागदावर अजून जागा आहे का? ती सही करायला येते म्हणतेय."

फोटो त्याने नेला नाही. लायब्ररीचं उद्घाटन लांबलं, दारावरचं नाव कापडाने झाकलं गेलं. चौकशी अजून चालू आहे, आणि तारखेमागून तारीख पडते आहे. सरांना अटक झालेली नाही. गेल्या महिन्यापासून त्यांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. आता ते दुपारी येतात, शाळेच्या फाटकासमोरच्या बाकावर बसतात आणि सुटायच्या घंटेची वाट बघतात. तो रस्ता सगळ्यांचा आहे, त्यामुळे त्यांना कुणी उठवू शकत नाही.

फ्रेमवाली त्या वेळी दुकानाला कुलूप लावते आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसते. शेवटची मुलगी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ती तिथून हलत नाही. तेही हलत नाहीत.