दवाखान्याचा फोन आणि बायांचा आकडा

मी मुलगा म्हणून जन्मले. आता ऑपरेशन होऊन अंगानंही बाई झाले, त्याला वर्ष होत आलं. मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात झालं. तिथून फोन आला तेव्हा आम्ही नेकनूरकडच्या एका रानात कापूस खुरपत होतो. माझा फोन स्पीकरवरच ऐकू येतो.

सोबतच्या बाया माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. जेवायला त्या लिंबाखाली बसायच्या, मी एकटी बांधावर. बोलावल्याशिवाय जाऊन बसायचं मला जमत नाही, आणि बोलावलं कुणी नव्हतं.

फोनवरची पोरगी म्हणाली, "शून्य ते दहामध्ये आकडा सांगा." आकडे मला चौथीपर्यंतचे येतात, म्हणून भीती वाटली नाही.

"ऑपरेशनबद्दल समाधानी आहात?"

"दहा."

"झोप?"

"नऊ. कुत्री भुंकतात."

खुरपी थांबली होती.

"आजूबाजूच्या बायका तुम्हाला आपल्यातली मानतात का?"

हा आकडा मला माहीत नव्हता. बाया तर समोरच होत्या.

सगळ्यांत वयस्कर मावशीनं विचारलं, "कोण हाय गं?"

"दवाखान्यातली. ऑपरेशननंतर बरं हाय का विचारती."

"कावून? पैसे मागती का?"

"न्हाई. नुसतंच विचारती."

मावशीनं फोन हातातून घेतला. "बाई, ऊसतोडीला पाळीचा खाडा नको म्हणून आमच्या समद्या जणींची गर्भाची पिशवी काढलेली हाय. आमाला कुणी फोन केला न्हाई. लिहून घे. कंबर धरती. झोप शून्य."

"मावशी, हे फक्त त्या ताईंसाठी आहे."

मागून एक बाई म्हणाली, "तिला दहा वाटतंय म्हणं."

"वाटू दी," मावशी म्हणाली. "एकीला तरी वाटतंय."

पोरीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी मातीकडं बघत होते.

"सहा लिही," मावशी म्हणाली. "न्हाई, पाच. लई लाजती, कुणासंगं बोलत न्हाई. बोलाय लागली की वाढवू."

पोरीनं पाच लिहिले असणार. मग पुन्हा खुरपणी सुरू झाली.

दुपारी मला कुणी हाक मारली नाही. बांधावर गेले तर माझं भाकरीचं फडकं नव्हतं. मावशीनं ते लिंबाखाली नेऊन सोडलं होतं आणि माझी चटणी बाया वाटून घेत होत्या. मग मला तिथं जाऊन बसावंच लागलं.