पुलावर थांबलेली बस

आमची आत्या विमानतळ ते शहरातला मोठा चौक अशी बस चालवायची. शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने मोठ्या गाडीचा परवाना काढला, तेव्हा माझे वडील म्हणाले होते, "ताई, तुला साधी सायकल नीट वळवता येत नाही!" तिने मनावर घेतलं आणि करून दाखवलं.

ही बस नवीनच सुरू झाली होती. त्यामुळे विमानतळाबाहेरच्या टॅक्सीवाल्यांचा धंदा निम्म्यावर आला आणि सगळा राग निघाला आत्यावर. त्यांचा म्होरक्या म्हणजे मिशीकाका. बस दिसली की तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आल्या बघा लुटारूंच्या राणीसाहेब!"

आत्या काही ऐकून घेणारी नव्हे. "गाडीत झोपा काढण्यापेक्षा मिशा तरी विंचरा!" असं सुनावूनच ती दार लावायची.

एका सकाळी ती भरलेली बस घेऊन विमानतळाकडे निघाली होती. उड्डाणपुलावर इंजिन तापलं, पुढून भसाभसा वाफ यायला लागली. आत्याने बस कडेला घेतली आणि आगारात फोन लावला. दुसरी बस मिळेल, पण वेळ लागेल, असं उत्तर आलं. बसमध्ये एकच गलका उडाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने निघून जात होत्या. थांबायचं नाव कुणी घेईना.

पहिल्याच सीटवर एक आजी होत्या. परदेशात जन्मलेल्या नातवाला पहिल्यांदाच बघायला निघालेल्या. त्यांनी आत्याचा हात धरला. "माझं विमान चुकेल का गं?"

आत्याने पुन्हा आगारात फोन लावला.

तेवढ्यात मिशीकाकाची रिकामी टॅक्सी शेजारून गेली. पुढे गेली आणि थांबली. मिशीकाका उतरून चालत मागे आला. आता हा सगळ्यांसमोर आपली शोभा करणार, असं आत्याला वाटलं.

"काय झालं?"

"डोकं तापलंय."

"बसचं की तुमचं?" तो म्हणाला. मग आत्याचे भरून आलेले डोळे त्याला दिसले आणि त्याचा आवाज उतरला. "अहो, रडताय काय? आधी त्या आजींना माझ्या गाडीत बसवा."

त्याने टॅक्सीच्या थांब्यावर फोन लावला. "रिकाम्या असतील तेवढ्या गाड्या पुलावर आणा. हो, बसच्याच लोकांसाठी! भांडायचं असेल तर संध्याकाळी भांडू."

थोड्याच वेळात वळसा घालून टॅक्सी यायला लागल्या. एकेक भरली की निघायची. एका प्रवाशाने पाकीट काढलं, तर मिशीकाका म्हणाला, "तिकीट काढलंय ना बसचं? मग झालं. आम्ही काय लुटारू आहोत?" हे मात्र तो आत्याकडे बघून म्हणाला. रडतारडता आत्याला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती आभार मानायला थांब्यावर गेली. चार वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, पण तोंडातून एवढंच निघालं, "फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले! त्या आजींनी वाटभर नातवाचे फोटो दाखवून माझं डोकं खाल्लं. पण विमान गाठलं हो त्यांनी." मग तो म्हणाला, "तुमची बस आमच्या पोटावर आलीय, ते आजही खरं आहे. पण त्या लोकांचा काय दोष?"

ते शब्द आत्याच्या मनातून जाईनात. तेव्हापासून कुणी लहान मूल आणि ढीगभर सामान घेऊन बसमध्ये चढायला लागलं की ती आधी पत्ता विचारायची. घर चौकापासून लांब असेल तर सरळ सांगायची, "तिथून पुढे तुमचे हाल होतील. त्या टॅक्सीने जा, दारात सोडतील."

आगाराच्या साहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं. "पगार आमचा आणि गिऱ्हाईक त्यांना?"

"साहेब, त्या दिवशी पुलावर आपली लाज कुणी राखली?" आत्या म्हणाली.

पुढे काही दिवसांनी साहेब स्वतः टॅक्सीच्या थांब्यावर गेले आणि सगळ्यांचे आभार मानून, चहा पिऊन आले. आत्याला पुन्हा कुणी त्याबद्दल विचारलं नाही.